मानेत रुतलेली हाक

एक्स-रेमध्ये काहीच सापडलं नाही, आणि पंचाईत तिथूनच सुरू झाली.

शाल्मली निकम तेरा वर्षांची. साताऱ्यात दिगंबर फडतरे सरांच्या व्यायामशाळेत ती सहा वर्षं दोरीचा मल्लखांब करत होती. जानेवारीत पुण्याची स्पर्धा आटोपून सर तिला आपल्या गाडीतून परत आणत होते. सरांची गाडी जुनी, आपोआप न चालणारी, माणसाने स्वतः चालवायची. तिला शाल्मली ‘वस्तुसंग्रहालय’ म्हणायची. शिरवळच्या पुढे रस्त्याच्या कामामुळे वाहनांची रांग थांबली होती. सरही थांबले. मागून डाळिंबाचे क्रेट भरलेला टेम्पो आला आणि धडकला. वेग फार नव्हता. डिकीचं दार चेपलं, मागची काच तडकली, एवढंच. शाल्मली आपल्या पायांनी खाली उतरली आणि रस्त्यावर घरंगळलेली डाळिंबं गोळा करायला टेम्पोवाल्याला मदत करू लागली.

दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. मान वळेना. डोक्याच्या मागून एक कळ निघायची आणि उजव्या डोळ्यापर्यंत जायची. पुस्तक उघडलं की ओळी हलायच्या. एक्स-रे झाला, स्कॅन झाला, दोन्ही स्वच्छ निघाले. सरांचीही मान दुखली होती, पण त्यांचं दुखणं सहा दिवसांत गेलं. एकसष्ट वर्षांच्या माणसाची मान आठवड्यात बरी होते आणि दोरीला वेलीसारखी लपेटणारी ही पोर महिना झाला तरी उशीवरून डोकं उचलत नाही, हे कुणाच्याच पचनी पडेना. वर्गशिक्षिकांनी परीक्षा जवळ आल्याची आठवण करून दिली. आत्याने फोनवर सांगितलं की या वयात मुली असं करतात. वडील सैन्यात, लडाखला. त्यांना दुरून काय कळणार? आई, अश्विनीताई, एका शाळेत कारकून होत्या. रजा संपत आल्या होत्या. एके सकाळी त्या लेकीला म्हणून गेल्या, “पुरे झाली आता नाटकं.” शाल्मली काही बोलली नाही. सर त्या वेळी समोरच्याच खुर्चीत बसले होते. तेही काही बोलले नाहीत.

कराडला डॉ. तस्नीम मुजावर यांच्याकडे ‘मानलेख’ नावाचं नवं यंत्र आलं होतं. सरच मायलेकींना तिकडे घेऊन गेले.

यंत्र म्हणावं असं त्यात दिसायला काही नव्हतं. कानामागून खांद्यापर्यंत चिकटवायची एक पातळ पट्टी, मुलांच्या वहीवरच्या लेबलाएवढी जाड. पण तिच्यात केसाहून बारीक अशा काही हजार तारा होत्या. आपला कुठलाही स्नायू हलायच्या आधी त्यात विजेची अगदी क्षीण लहर उठते. पट्टी त्या लहरी ऐकते. वरचा स्नायू कधी ताठला, त्याच्या आतला कधी, सगळ्यात खोल, मणक्यांना बिलगलेला कधी, हे सगळं थर लावून पडद्यावर दाखवते. एक्स-रे हाडं पाहतो. हाडं शाबूत असली की तो गप्प बसतो. मानलेख हाडांभोवतीची माणसं काय कुजबुजतायत ते ऐकतो, असं डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा शाल्मली कितीतरी दिवसांनी हसली.

डॉक्टरांनी तिलाच उलट विचारलं, की उभ्या एसटीने अचानक पुढे झेप घेतली तर माणूस कुठे जातो? मागे, शाल्मली म्हणाली. का? कारण पाय बसबरोबर जातात, पण अंगाला अजून निरोप पोचलेला नसतो. तुझ्या गाडीतही तेच झालं, डॉक्टरांनी सांगितलं. मागून धक्का बसला, सीटने तुझी पाठ पुढे ढकलली. डोकं मात्र जागच्या जागी राहिलं. पाठ पुढे, डोकं मागे, आणि मधे मान. त्या क्षणी मान सरळ राहत नाही, वाकून तिचा अवग्रह होतो. संस्कृतच्या पुस्तकात ‘ऽ’ असं चिन्ह असतं ना, तसाच. मग डोकं भानावर येतं आणि चाबकाच्या टोकासारखं पुढे फेकलं जातं. हे सगळं एका टाळीच्या अवधीत होतं. याला व्हिपलॅश म्हणतात. हाडं मोडत नाहीत, पण मणक्यांच्या सांध्यांवरची आवरणं ताणली जातात, बारीक तंतू तुटतात. तंतू बहुधा काही आठवड्यांत सांधतात. पुष्कळ लोक सरांसारखे लवकर बरे होतात. काहींची मान मात्र पहारा उठवायलाच तयार नसते. आतले स्नायू आळसावतात आणि बाहेरचे रात्रंदिवस ताठ उभे राहतात. मग तो पहाराच दुखायला लागतो.

“म्हणजे मी खोटं बोलत नव्हते,” शाल्मली म्हणाली. ती आईकडे बघत नव्हती.

“नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

तुटलेल्या तंतूंचा नकाशा पाहून मानलेख आणखी एक गोष्ट सांगत असे. धक्क्याच्या क्षणी डोकं कुठे वळलेलं होतं, ही. सरळ मानेला बसलेला हिसका दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. वळलेली मान म्हणजे पिळलेला टॉवेल. तो आधीच घट्ट असतो, त्यात आणखी ओढला की एकाच बाजूचे धागे तुटतात. पडद्यावर शाल्मलीच्या मानेची एक बाजू लाल दिसत होती. डॉक्टर म्हणाल्या, तुझं डोकं उजवीकडे वळलेलं होतं. चांगलं पन्नास अंश.

उजवीकडे म्हणजे चालकाच्या बाजूला. शाल्मलीने मान हलवायचा प्रयत्न केला आणि कळ आली म्हणून थांबली. मी डावीकडच्या खिडकीतून डोंगर बघत होते, असं तिने सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांनी सरांना विचारलं. सर म्हणाले, “माझं लक्ष रस्त्याकडे होतं.”

वाक्य खरं होतं. धडकेच्या दोन क्षण आधीपर्यंत त्यांचं लक्ष रस्त्याकडेच होतं.

त्यानंतरचंही सरांना लख्ख आठवत होतं. आरशात टेम्पो मोठा होत गेला. पुढे गाडी, बाजूला कठडा, करण्यासारखं काही नव्हतं. तरी तोंडातून हाक गेली, “शाल्मली!” आणि तिने झटकन वळून त्यांच्याकडे पाहिलं. नजरेला नजर मिळाली. मग आवाज झाला.

ती का वळली, हे सरांना ठाऊक होतं. त्यांनीच ते तिला शिकवलं होतं. दोरीवर डोकं खाली, पाय वर असताना लहान मुलाला वर कुठलं, खाली कुठलं कळेनासं होतं. अशा वेळी लांबलचक सूचना देऊन उपयोग नसतो. म्हणून सरांच्या व्यायामशाळेत पहिल्या दिवसापासून एकच नियम होता: नाव ऐकलं की नजर सरांकडे. सर जिथे, तिथे जमीन. छोट्यांना मैदानात पळवत ठेवून सर मधेच एखादं नाव घ्यायचे आणि टाळी वाजवायचे. टाळीच्या आत मान वळली पाहिजे. चौतीस वर्षांत या नियमाने कितीतरी मुलं खाली सुखरूप आली होती. शाल्मली त्यात सगळ्यात चपळ. पाहुणे आले की सर तिच्या पाठीमागे जाऊन अगदी हळू तिचं नाव घ्यायचे, आणि ती गर्रकन वळली की पाहुण्यांकडे कौतुकाने बघायचे.

त्या दिवशी कराडहून येताना सरांनी मनाशी ठरवलं, की दिशा यंत्राला कळलीच आहे. ती का वळली हे सांगितल्याने तिची मान थोडीच बरी होणार? हे ठरवताना त्यांना जरा हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

उपचार सुरू झाले. गळपट्टा बांधून निजून राहायचं नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं. हनुवटी किंचित आत घ्यायची, दहा मोजायचं. डोळे हलवायचे, मग डोळ्यांमागून मान, दुखायच्या अलीकडे थांबायचं. दिवसातून पाच वेळा. शाल्मली कसरतपटू होती, आळस तिच्या अंगात नव्हता. तरी पुढे सरकणं होईना. दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी मान पुन्हा लाकूड. शेवटी डॉक्टरांनी पट्टी दोन आठवडे घरीच लावून ठेवली.

सर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला भेटायला जात. छोट्या मुलांची गाऱ्हाणी सांगत, नव्या दोरीचा पीळ अजून बसलेला नाही म्हणून कुरकुर करत. ती खुलायची. तेवढ्या दोन संध्याकाळच्या भेटी म्हणजे आपल्याकडून होणारी एकमेव मदत, असं सरांना वाटे.

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी पडद्यावर ती नोंद उलगडली. सपाट रेघ, आणि मधेच चार उंच सुळके. बाहेरचे स्नायू एकदम आवळले गेल्याच्या त्या खुणा होत्या. प्रत्येक सुळक्यानंतर पुढचे दोन दिवस ताठरपणा वाढलेला. ब्रेकचे आवाज ऐकवून पाहिले, हॉर्न ऐकवले, काही झालं नाही, डॉक्टर सांगत होत्या. मग हे चार वेळा काय झालं? चारही सुळके संध्याकाळी सहाच्या सुमाराचे. मंगळवार, शुक्रवार, मंगळवार, शुक्रवार.

अश्विनीताई हसल्या. “तेव्हा तर सर येतात. उलट सर आले की तिला बरं वाटतं.”

सरांना आपण दारात चपला काढताना दिसलो. चपला काढता काढता ते दर वेळी काय करत, तेही ऐकू आलं.

ते म्हणाले, “डॉक्टर, मी तिला हाक मारतो. गाडीतही मारली होती. टेम्पो दिसला तेव्हा. म्हणून ती माझ्याकडे वळली.”

“सर, नका ना सांगू,” शाल्मली म्हणाली.

आईने विचारलं, तुला आठवत होतं? शाल्मलीने होय म्हटलं. मग का नाही बोललीस? “तू मला व्यायामशाळेत पाठवायचं बंद केलं असतंस.”

अश्विनीताई सरांकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही. “सात आठवडे झाले, सर. मी तिला नाटकं करतेस म्हणाले. तुम्ही समोर बसला होतात.”

सरांना हात जोडावेसे वाटले, पण हात जोडून सुटका करून घेतल्यासारखं होईल म्हणून ते तसेच बसून राहिले.

डॉक्टरांनी पाणी मागवलं. मग त्या सावकाश बोलल्या. धडक टेम्पोने दिली, सरांच्या हाकेने नव्हे. पण शरीर न्यायनिवाडा करत नाही, ते फक्त गाठी मारतं. हाक आली, मान वळली, आणि त्याच क्षणी मोडतोड झाली. सहा वर्षांच्या सरावाने आधीच घट्ट असलेल्या गाठीला वेदनेची आणखी एक गाठ बसली. आता तो आवाज कानावर पडला की शाल्मलीला कळायच्या आत मान पहारा लावते. हे आधी कळलं असतं तर एवढे आठवडे फुकट गेले नसते, हेही त्यांनी लपवलं नाही.

वाटा दोन होत्या. एक जुनी. सरांनी रोज आधी लांबून, मग जवळून हाक मारायची, मान हळूहळू निवळेल. वर्ष लागेल, कदाचित दोन, आणि पूर्ण निवळेलच याची खात्री नाही. दुसरी वाट मानलेखाबरोबर आलेली. तिला ‘सोडवणूक’ म्हणत. आठवण जागी झाली की ती काही मिनिटं मऊ होते, नुकत्याच घातलेल्या सिमेंटसारखी, आणि मग पुन्हा घट्ट बसते. ती मऊ असतानाच पट्टीतून अगदी सौम्य प्रवाह सोडला तर गाठ पुन्हा बसत नाही. सहा बैठकी. पण नेमकी कुठली गाठ, हे माहीत असावं लागतं. आता ते माहीत झालं होतं.

“मग मला सरांची हाक ऐकू येणार नाही?” शाल्मलीने विचारलं.

“येईल. कुणाची आहे तेही कळेल. पण मान आपणहून धावणार नाही. इतर कुणी हाक मारावी, तसंच वाटेल. आणि एकदा सोडवलेलं परत बांधता येत नाही. त्या आवाजावर पुन्हा तालीम केली, तर जुनं दुखणं उठायची भीती आहे. म्हणजे दोरीखाली सरांनी उभं राहायचं नाही.”

बारा वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची संमती असल्याशिवाय सोडवणूक करायची नाही, असा कायदा होता. अश्विनीताईंनी तिथल्या तिथे होकार दिला. शाल्मलीने मात्र नाही म्हणून सांगितलं आणि घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली.

शुक्रवारी सर गेले. या वेळी त्यांनी दाराची घंटा वाजवली आणि नाव न घेता आत येऊन बसले. सहा वर्षं जे नाव दिवसातून पन्नास वेळा घेतलं, ते टाळून बोलताना त्यांची जीभ सारखी अडखळत होती. शाल्मलीच्या ते लक्षात आलं.

“सर, तुम्हाला काय वाटतं? खरं सांगा.”

शिकवण्याच्या धंद्यात माणसाला दुसऱ्याच्या भल्याचं बोलायची इतकी सवय होते की स्वतःचं बोलणं जड जातं.

“मला विचारशील तर मला ते नकोय,” ते म्हणाले. “पण मान माझी नाही.”

“दोरीवर उलटी असताना खाली कुठे ते मला कोण सांगणार?”

“पल्लवी.” पल्लवी जगदाळे सरांची जुनी विद्यार्थिनी, आता त्यांच्याच हाताखाली शिकवत होती.

“पल्लवीताईचा आवाज फाटक्या भोंग्यासारखा आहे.”

“भोंगा लांबवर पोचतो.”

ती हसली, कळ आली, आणि हसता हसता रडू लागली. सरांचा हात तिच्या डोक्यापर्यंत गेला आणि मागे आला. कुठे लागेल, कुठे नाही, याचा त्यांना आता भरवसा नव्हता. जाताना अश्विनीताई दारापर्यंत आल्या. चहा विचारला नाही, पण दार सर जिना उतरेपर्यंत उघडं ठेवलं.

चार दिवसांनी शाल्मलीने संमतीच्या कागदावर सही केली.

सोडवणुकीचं काम सरांनाच करावं लागलं. गाठ मऊ व्हायची तर आधी ती जागी व्हायला हवी, आणि ती एकाच आवाजाने जागी होत होती. काचेच्या पलीकडे शाल्मली पट्टी लावून खुर्चीत बसायची. अलीकडे सर मायक्रोफोनपुढे. डॉक्टर खूण करत, सर हाक मारत. पडद्यावर सुळका उठे, प्रवाह सुटे, सुळका ओसरे. थोडं थांबून पुन्हा. पहिल्या दिवशी शाल्मलीचे डोळे प्रत्येक हाकेला पाणावत होते. तिसऱ्या बैठकीला सुळके निम्म्यावर आले. सर घरी जाऊन कुणाशी बोलत नसत. आवाज जपायचा आहे, असं सांगत.

आवाज बदलून चालणार नाही, हे त्यांना बजावलेलं होतं. गाडीत जसा आला तसाच तो यायला हवा होता. म्हणून सर दर वेळी डोळे मिटून आरशातला टेम्पो आठवत आणि हाक मारत. आपल्या हाताने बांधलेला मांडव एकेक वासा काढून उतरवावा, तसं ते काम होतं. त्यांनी ते चुकारपणा न करता पुरं केलं.

सहाव्या दिवशी त्यांनी चाळीस वेळा हाक मारली. रेघ एकदाही हलली नाही. डॉक्टरांनी अंगठा वर केला. काचेपलीकडे शाल्मली परिचारिकेला आपल्या शाळेतली कसलीशी गंमत सांगत होती. मान उजवीकडे वळवून, हात हलवून. सरांनी एकेचाळिसाव्यांदा हाक मारली. ती कुणी मोजली नाही.

पुढचे महिने मान हळूहळू मोकळी झाली. व्यायाम चालू राहिले, चक्कर गेली, ओळी जागेवर थांबल्या. एकदम काही झालं नाही. आज पाच अंश, पुढच्या आठवड्यात आठ, मधेच दोन पावलं मागे. व्यायामशाळेत सरांनी नवा नियम केला, सगळ्यांसाठी: हाक आली की फक्त डोळे फिरवायचे, मान नाही, आणि हाक कुणा एकाच माणसाची नाही. छोट्यांना तो पटकन जमला. सरांना जमायला वेळ लागला. ते नाव घेऊन टाळीसाठी हात उचलायचे आणि तसेच खाली सोडायचे.

ऑक्टोबरात डॉक्टरांनी दोरीला परवानगी दिली. संध्याकाळची वेळ, अश्विनीताई भिंतीशी बाकावर. दोरीखाली पल्लवी उभी राहिली. सर दहा पावलं मागे, छोट्यांच्या रांगेपाशी. शाल्मलीने दोरी पायाच्या अंगठ्यात धरली, वर गेली, कमरेला एक वेढा घेतला आणि हळूच उलटी झाली. वेणी खाली लोंबली. क्षणभर ती गोंधळली. सरांना ते तिच्या पोटऱ्यांवरून दिसलं आणि हाक ओठांपर्यंत आली. त्यांनी ओठ मिटून घेतले. पल्लवीने भोंगा लावला. शाल्मलीचे डोळे फिरले, जमीन सापडली, अंग सैल झालं.

तिने तीन आसनं केली आणि उतरली. पल्लवीने पाठ थोपटली. बाकावरून आईने पदर डोळ्यांना लावला. शाल्मली दोघींशी काहीतरी बोलली, पाणी प्याली. सर छोट्यांकडे वळले आणि एकाचा सैल झालेला लंगोट बांधू लागले.

ते गाठ मारत असतानाच शेजारी सावली पडली. हाक मारलेली नव्हती. मैदान ओलांडून ती आपणहून आली होती.

“कसं झालं, सर?”

सरांनी गाठ पक्की केली, मुलाला पुढे ढकललं आणि वर पाहिलं.

“डाव्या पायाचा अंगठा सैल होता,” ते म्हणाले. “दुसऱ्या आसनाला.”

“मला वाटलंच,” शाल्मली म्हणाली, आणि अंगठा दाखवायला तिथेच मातीत बसली.